त्सुनामी दाखवणारी लाटांची टाकी: खाडीच्या तुकड्यासाठी घ्या

भूगोलाच्या वर्गासाठी ही अ‍ॅक्रिलिकची टाकी मागवली. एका टोकाला हाताने ढकलायची फळी आणि तळाला बसवायचे तीन तुकडे: सौम्य उतार, उभी पायरी, आत निमुळती होत जाणारी खाडी.

उतार बरा आहे, इतकंच. १२ सेंटिमीटर पाण्यात लाट सेकंदाला साधारण १.१ मीटर धावते, ३ सेंटिमीटरवर वेग निम्मा. पुढचं पाणी रेंगाळतं, मागचं त्याला येऊन भिडतं आणि लाट फुगते. पण हिशेबाने जेमतेम १.४ पट, मागच्या बाकावरून काय डोंबल दिसणार! खऱ्या समुद्रात ४,००० मीटर खोलीवरून १० मीटरवर येताना हाच हिशेब साडेचार पटींच्या आसपास जातो.

पैसे वसूल होतात ते खाडीत. तोंडाशी रुंदी २० सेंटिमीटर, टोकाला ५. रुंदी पाव झाली की उंची दुप्पट. त्यात उथळ तळ धरला तर पावणेतीन पटींच्या वर. घर्षणात थोडं जातं, तरी पाणी टोकाच्या भिंतीवर चढलं की पोरं ओरडतातच. २०११ मध्ये जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर अशाच चिंचोळ्या खाड्यांमधून पाणी काही ठिकाणी ४० मीटरपर्यंत कसं चढलं, हे मग फार समजवावं लागत नाही. पायरीवर लाटेचा काही भाग मागे फिरतो, तेही दाखवा.

तक्रारी आहेत. तुकडे तरंगतात, खाली क्ले चिकटवावी लागते. फळी झटक्यात ढकलली तर लाट आखूड निघते आणि आखूड लाटेला तळ जाणवतच नाही. सावकाश, लांबवर ढकलायची. पुस्तिकेत याचा उल्लेख नाही.

अनुनादाचाही नाही, आणि हे मला जास्त खटकलं. खाडीतल्या पाण्याला हेलकावण्याचा स्वतःचा ताल असतो. १० किलोमीटर लांब, ४० मीटर खोल खाडीत एक हेलकावा सुमारे ३४ मिनिटांचा. त्सुनामीच्या लाटा त्याच अंतराने आल्या, तर प्रत्येक लाट आधीच्या हेलकाव्यात भर घालते. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्रेसेंट सिटीत सर्वाधिक नासधूस पहिल्या नव्हे, चौथ्या लाटेने केली. टाकीत फळी लयीत ढकलून हे जमतं. फक्त काठ दोन बोटं उंच हवे होते. फडकं हाताशी ठेवा.