सुरूची फांदी, प्लास्टिकचं झाड की कुंडीतला अरोकेरिया?

लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यावरून सहसा वाद होत नाही. गोणपाट, पेंढा आणि नाताळाआधीच्या आगमनकाळात ताटलीत पेरलेली नाचणीची हिरवी रोपं, इतकं दोन्ही घरांत सारखंच असतं. अडतं ते झाडापाशी. आमच्या वसईच्या घरी सुरूची फांदी उभी राहायची, हिच्या बोरिवलीच्या आयसी कॉलनीतल्या माहेरी प्लास्टिकचं झाड. आम्ही दोघांनी मिळून घेतलं ते तिसरंच, कुंडीतलं. तिन्ही झाडं घरात वावरताना पाहिली आहेत, म्हणून यंदा पहिल्यांदाच झाड घ्यायला निघालेल्या जोडप्यांसाठी हे लिहितोय.

सुरूवर माझा जीव आहे हे आधीच सांगतो. चोवीस तारखेला दुपारी वाडीतून फांदी आणायची, ओली वाळू भरलेल्या बादलीत रोवायची आणि मध्यरात्रीच्या मिस्साला निघण्याआधी तिच्यावर तारा चढवायचा, हे ज्याने लहानपणी केलंय त्याला दुसरं झाड चटकन आवडत नाही. गोव्यातही जुन्या घरांत हीच पद्धत. खर्च जवळजवळ नाही आणि डौल असा की एका बाजूने झुकलेली फांदीसुद्धा शोभून दिसते. पण सुरू हा पाइन नव्हे. त्याच्या ज्या सुया वाटतात त्या खरं तर पेरापेरांच्या बारीक काड्या असतात. खरी पानं म्हणजे प्रत्येक पेरापाशी असलेले इवलेसे खवले. फांदी सुकली की या काड्या पेरापाशीच तुटतात. नव्या वर्षापर्यंत रंग उतरतो आणि सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत गोठ्यातल्या मेंढरांवर काड्यांचा थर बसलेला असतो. वाडीच्या घरात शेणाच्या जमिनीवर त्याचं कुणाला काही वाटत नसे. फ्लॅटमध्ये सोफ्याच्या फटींतून त्या काड्या बरेच दिवस निघत राहतात.

शिवाय फांदी आणायची कुठून? स्वतःच्या वाडीत सुरू असेल तर प्रश्न मिटला. किनाऱ्यावरचे सुरू मात्र वाळू आणि वारा अडवायला लावलेले आहेत. कळंब, राजोडी, भुईगावकडे समुद्रच ते मुळासकट पाडतोय. उरलेल्यांना आपण हात लावू नये असं मला मनापासून वाटतं.

प्लास्टिकच्या झाडाची बाजू भक्कम आहे, ती कमी लेखणार नाही. ते भरगच्च दिसतं. तार वाकवून फांदी हवी तिथे वळवता येते, जुने काचेचे जड गोळेसुद्धा सहज पेलते. पाणी नको, ऊन नको, आणि गावाला गेलात तर मागे काळजी नको. चोवीस डिसेंबरला तिन्ही झाडं शेजारी ठेवली तर फोटोत तेच जिंकेल. पण दुकानात उभं राहून सगळे डिसेंबरचाच विचार करतात. मी म्हणेन, जुलैचा करा. जुलैत हे झाड कुठे असेल?

हिच्या माहेरी ते माळ्यावर असतं. एकदा उघडलेलं झाड मूळच्या खोक्यात परत मावत नाही. त्यामुळे सासूबाई ते जुन्या चादरीत गुंडाळतात, मध्ये डांबरगोळ्या ठेवतात, वरून सुतळीने बांधतात. त्यांच्याइतकी नीट ठेवणारी माणसं मी थोडीच पाहिली आहेत. तरीही गोराईच्या खाडीकडून येणारी दमट हवा पावसाळाभर आपलं काम करते. फांदीच्या आत लोखंडी तार असते. टोकाला जिथे ती उघडी पडते, तिथे गंज धरतो आणि तो हळूहळू हिरव्या पात्यांखाली सरकतो. डिसेंबरात चादर सोडली की आधी कोंदट वास येतो, मग तांबडी पूड पडते. फांद्या पिंजायला घेतल्या की ती पूड बोटांना, गोठ्यावरच्या पांढऱ्या कापडाला आणि फरशीला लागते. स्टँडचा स्क्रू तर तेल सोडल्याशिवाय फिरत नाही. सासूबाई दरवर्षी गंजलेली टोकं कात्रीने छाटतात आणि विरळ झालेली बाजू भिंतीकडे करतात. लग्नाआधीच्या नाताळात ते झाड आम्ही दोघांनी मिळून काढलं होतं. हात धुताना हीच म्हणाली, ‘आपल्या घरी हे नको.’ माझ्या मनातलंच बोलली.

सगळीकडे असं होईल असा माझा दावा नाही. नाशिक-पुण्याकडे, हवा कोरडी असलेल्या गावी, हा त्रास बराच कमी असावा. घरात कोरडं, मोठं कपाट असेल तर प्लास्टिकचं झाड पुष्कळ वर्षं साथ देईल. पण वसई, बोरिवली, वांद्रे किंवा पणजी, जिथे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे मी दोनदा विचार करीन.

आता कुंडीतलं झाड. नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतो तो बहुधा अरोकेरिया, दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांवरचा. तिथे तो समुद्रकाठी वाढतो, म्हणून खारं वारं त्याला सोसतं. जी हवा तारेला खाते, तीच याला मानवते. माझं पारडं झुकलं ते यामुळे. जुलैत आमचं झाड गॅलरीत पावसात न्हात उभं असतं आणि शेंड्याला पोपटी रंगाचा नवा मजला फुटतो. मजलाच म्हणायचा, कारण याच्या फांद्या खोडाभोवती एकेका थरात, चाकाच्या आऱ्यांसारख्या फुटतात.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. दोन थरांमध्ये मोकळी जागा असते, त्यामुळे प्लास्टिकच्या झाडाशेजारी हा विरळ वाटतो. वाढ सावकाश आणि उंच झाडाची किंमत भलतीच चढी; पहिल्या वर्षी तीन फुटी झाडावर समाधान मानावं लागतं. मुख्य म्हणजे फांद्या कोवळ्या असतात. हिने माहेरून आणलेले काचेचे गोळे लावताच त्या खाली झुकल्या. मग गोळे खिडकीत ताराकंदिलाच्या दोन्ही बाजूंना गेले आणि झाडाला कागदाचे तारे, लाकडाच्या घंटा, क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेल्या हलक्या चांदण्या लागल्या. हिला सगळं झाड पांढरं-सोनेरी हवं होतं, मला आमच्या घरचे रंगीबेरंगी कागदी देवदूत. देवदूत आतल्या बाजूला खोडाजवळ गेले, सोनेरी बाहेर राहिलं. आता मला ते तसंच आवडतं.

सजवताना दिवे आधी, बाकी सगळं नंतर. एलईडीचीच माळ घ्या. जुने मिरची बल्ब तापतात आणि कोवळी पानं करपतात. माळ आवळून गुंडाळू नका, थरांवर नुसती टेकवा. बर्फासाठी कापूस पसरायची आपल्याकडे फार हौस, पण जिवंत झाडाला पाणी घालावं लागतं आणि ओला कापूस पानांना चिकटून बसतो. त्यापेक्षा कुंडीभोवती पसरा. फवाऱ्याचा बर्फ तर नकोच.

सणाचे दिवस संपले की झाड लगेच गॅलरीत. सकाळचं ऊन चांगलं, एप्रिल-मेमधलं दुपारचं नको. एसीचा झोत थेट अंगावर आला तर खालच्या फांद्या सुकतात आणि सुकलेल्या जागी सहसा नव्या येत नाहीत. उजेडाकडे कलतं, म्हणून कुंडी अधूनमधून वळवत राहायची. एवढी देखभाल जमणार नसेल, दोघंही सकाळी लोकल गाठून रात्रीच परतत असाल आणि गॅलरीही नसेल, तर मी आग्रह धरणार नाही. नर्सरीवाला त्याऐवजी मोरपंखी दाखवील. ती दाट असते, पण तिच्यावर काही टांगायला फांदीच सापडत नाही.

घ्यायचं ठरलं तर नोव्हेंबर संपायच्या आत जा. डिसेंबरच्या मध्यापर्यंत चांगली झाडं उचललेली असतात, आणि घराच्या उजेडाला रुळायलाही झाडाला थोडे दिवस मिळतात. सर्वांत खालचा थर हिरवा आहे का ते पाहा, आणि शेंडा नक्की तपासा. टेम्पोतून येताना तो मोडलेला असतो आणि लाल रिबिनीखाली दिसत नाही. शेंडा गेलेलं झाड पुढे सरळ वाढेलच असं नाही. रिबीन सोडून दाखवायला सांगा.