व्यवसायासाठी सोशल मीडियावरचे पोल : अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कापडी पिशव्यांच्या आमच्या छोट्या व्यवसायासाठी गेले अनेक महिने मी इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप आणि लिंक्डइनवर नियमितपणे पोल घेत आहे. या काळात माझे एक मत पक्के झाले आहे : पोलच्या टक्केवारीपेक्षा मत देणाऱ्यांची यादी कितीतरी अधिक मोलाची असते.

इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर पोल टाकला की कोणी कोणता पर्याय निवडला, हे आपल्याला नावानिशी दिसते. स्टोरी २४ तासांनी नाहीशी होत असल्यामुळे ही यादी मी त्याआधीच उतरवून घेते आणि ऑर्डरच्या वहीशी ताडून पाहते. पिशवीचा बंद लांब हवा की आखूड, असा एक पोल घेतला होता. एकूण मतांमध्ये लांब बंदाची सरशी झाली होती; परंतु ज्यांनी आमची पिशवी प्रत्यक्ष विकत घेतली आहे, तेवढ्यांचीच मते वेगळी काढली, तेव्हा कल आखूड बंदाकडे असल्याचे दिसले. त्यांच्यापैकी काहींना मेसेज करून कारण विचारले, तर उत्तर सरळ होते : बंद लांब असला की भरलेली पिशवी जिना चढताना पायांवर आपटते. फोटो पाहून मत देणाऱ्याला हे कळणे शक्यच नव्हते, आणि टक्केवारीवर विसंबून निर्णय घेतला असता तर आम्हालाही कळले नसते.

मतांची संख्या मोठी असली म्हणजे कौल विश्वासार्ह, हा समज जुना आहे. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, त्यांपैकी २० लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार लँडन जिंकतील असे भाकीत केले. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. त्याहून फारच लहान, पण विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी रूझवेल्ट यांच्या विजयाचा अंदाज बरोबर बांधला होता. आपल्या पोलवरही ज्याला मत द्यावेसे वाटते तोच देतो, आणि मुकाट्याने खरेदी थांबवलेला ग्राहक तिथे फिरकतही नाही, हे मला कायम लक्षात ठेवावे लागते.

प्रश्नाच्या मांडणीवर मी आता सर्वाधिक वेळ घालवते. ‘पिशवीला चेन हवी का?’ असे विचारले तर जवळजवळ सगळेच ‘हो’ म्हणतात, कारण हो म्हणायला काहीच पडत नाही. ‘चेन की बाहेरचा खिसा?’ असे विचारले की माणूस थांबून विचार करतो, कारण एक घेतले तर दुसरे सोडावे लागते. किमतीविषयीचे पोल मात्र मी पूर्णपणे बंद केले आहेत. ‘इतक्या किमतीला घ्याल का?’ या प्रश्नावर लोक संकोचाने किंवा कौतुकाने उत्तर देतात, आणि खरेदीच्या वेळी ते उत्तर टिकत नाही. शिवाय अनेक ठिकाणी मत दिल्याखेरीज निकाल दिसत नसल्यामुळे केवळ उत्सुकतेपोटी कुठेही बोट लावणारेही असतात. म्हणून ‘फक्त निकाल पाहायचा आहे’ हा पर्याय मी आवर्जून ठेवते.

व्हॉट्सॲपवर १२ पर्यंत पर्याय देता येतात, तरी मी चारांपुढे जात नाही. तिथे एकाहून अधिक उत्तरे निवडण्याची मुभा असते. ती बंद करायची राहिली तर काही जण सगळ्याच पर्यायांवर खूण करतात आणि निकालाला अर्थ उरत नाही. ग्रुपमध्ये कोणी काय निवडले हे सर्वांना दिसते, त्यामुळे सुरुवातीच्या दोन-चार मतांमागे बाकीची मते जातात. तक्रारीच्या अंगाने जाणारा प्रश्न म्हणूनच ग्रुपमध्ये विचारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लिंक्डइनवर उत्तरे विचारपूर्वक येतात, पण तिथे मत देणारे बहुतांशी आमच्यासारखेच व्यावसायिक, ग्राहक थोडेच.

पोल संपल्यावर काय ठरले आणि का ठरले, हे मी त्याच ठिकाणी कळवते, विशेषतः निर्णय बहुमताच्या विरुद्ध गेला असेल तर. आखूड बंदाचे कारण सविस्तर लिहिल्यावर लांब बंदाला मत दिलेल्यांपैकी काहींनी आपणहून मेसेज करून बंदाची लांबी कमी-जास्त करता येईल का, असे विचारले, आणि सध्या आम्ही त्याच नमुन्यावर काम करत आहोत. रंग, आकार, बंद, खिसे यांसाठी पोल पुढेही चालू राहतील. शिलाईच्या तक्रारी आणि किंमत यांसाठी मात्र पिशवी पोहोचल्यानंतर काही दिवसांनी ग्राहकाला फोन करण्याची पद्धत आम्ही सुरू केली आहे.