आठ गतींचा फीडर, हातात आल्या दोनच

जुन्या पॉवर फीडरच्या, म्हणजे रोलरने लाकूड कटरकडे ढकलणाऱ्या यंत्राच्या जाहिरातीत मोजक्याच गोष्टी होत्या: चार रोलर, एक हॉर्सपॉवरची दोन वेगांची थ्री फेज मोटर, आठ गती, आणि 'पूर्ण रिकंडिशन, रबर नवे'. सोबत काही सेकंदांचा व्हिडिओ. त्यात ताजा रंग दिसतो, रोलर बिनआवाज फिरतात आणि एक हात स्विच 'लो'वरून 'हाय'वर नेतो. जुना पॉवर फीडर घेणाऱ्याला यापुढे काही विचारायचे सहसा सुचत नाही, आणि विकणारा नेमका त्याच भरवशावर असतो.

मशीन आले, स्पिंडल मोल्डरवर (उभ्या फिरत्या कटरने लाकडाची कड घडवणाऱ्या मशीनवर) बसवले आणि कठीण लाकडाची पहिलीच पट्टी अर्ध्यात अडकली. रोलर फिरत राहिले, पट्टी जागची हलेना. कटरपाशी लाकडावर बोटभर काळा डाग पडला.

विक्रेत्याचे उत्तर तयार होते: "तुमचं सेटिंग चुकतंय." हे उत्तर सगळ्यांनाच मिळते, म्हणून आधी सेटिंगच निकालात काढायचे. लाकडाच्या वरच्या पातळीपेक्षा रोलर सुमारे 3 मिलिमीटर खाली हवेत, म्हणजे लाकूड आत शिरताना स्प्रिंग तेवढी दबते. फीडरचे बाहेर जाण्याकडचे टोक फेन्सकडे (लाकूड टेकवायच्या उभ्या आधाराकडे) 3 ते 5 मिलिमीटर कललेले हवे, म्हणजे रोलर लाकूड पुढे नेता नेता फेन्सला दाबून ठेवतो. कटरच्या आधी निदान एक आणि नंतर दोन रोलर. टेबल साफ करून मेण फिरवलेले. एवढे करूनही लाकूड अडते तेव्हा दोष मशीनचा, आणि तसे छातीठोकपणे सांगता येते. इथे सगळे नीट लावूनही पट्टी अडलीच.

मग सरळ मोजमाप. रोलरच्या कडेला खडूची रेघ मारायची आणि एका मिनिटात ती किती वेळा खाली येते ते मोजायचे. अशा फीडरचा रोलर बहुधा 120 मिलिमीटर व्यासाचा असतो, त्याचा परीघ 377 मिलिमीटर. म्हणजे मिनिटाला 11 मीटर गतीला 29 फेरे, 5.5 मीटरला साडेचौदा, 22 मीटरला 58. या फीडरवर स्विच 'लो'ला असताना फेरे आले साडेचौदा. 'हाय'ला पुन्हा साडेचौदा. व्हिडिओत स्विच फिरवल्यावर फक्त 'टक' आवाज झाला होता. वेग बदलला असे बघणाऱ्याने स्वतःच धरून चालले होते.

दोन वेगांची मोटर म्हणजे एकाच वाइंडिंगची (आतल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्यांची) जोडणी बदलून चार पोल (चुंबकीय ध्रुव) किंवा दोन पोल करणारी मोटर. ती साधारण 1400 आणि 2800 आरपीएमने फिरते, म्हणून वेग बरोबर दुप्पट होतो. अशी मोटर जळली की ती तशीच्या तशी भरून देणारा कारागीर शोधावा लागतो आणि मजुरीही जास्त पडते. मग साधी एका वेगाची, चार पोलची वाइंडिंग भरून घेतात, स्विचच्या आत दोन्ही बाजूंना एकच जोडणी देतात आणि 1400/2800 लिहिलेली मूळ पाटी घासूनपुसून चकचकीत करतात. पाटी खरी, मोटरची खोळही खरी, फक्त आतले तांबे दुसरेच.

हे उघडे पाडायला मोटर खोलावी लागत नाही. वीज बंद करा, प्लग काढून समोर ठेवा, टर्मिनल बॉक्सचे झाकण उघडा. बाहेरून आलेल्या तारा आणि टर्मिनल एकमेकांना जोडणाऱ्या पितळी पट्ट्या असतील तर त्याही सोडवा. राहतात मोटरची सहा टोके. दोन वेगांच्या मोटरमध्ये ही सगळी टोके आतून एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे कुठल्याही दोन टोकांत मल्टिमीटर वाजतो. साध्या एका वेगाच्या मोटरमध्ये तीन सुट्या जोड्या सापडतात: जोडीत वाजतो, जोडीबाहेर वाजत नाही. इथे तीन सुट्या जोड्या निघाल्या. हात लागलाच आहे तर तिन्ही जोड्यांचा रोधही मोजून घ्यावा. एक जोडी वेगळी आली तर वाइंडिंग घाईत उरकलेली आहे. 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरवर) बॉडी आणि वाइंडिंग यांच्यात एक मेगओहमच्या आत काटा आला तर ती मोटर चालूच करू नये.

सिंगल फेजवाल्यांना याच मालाची दुसरी आवृत्ती मिळते: थ्री फेज मोटरला कपॅसिटर जोडून 'सिंगल फेज फीडर'. अशी मोटर फिरते, पण मूळ ताकदीच्या साधारण दोन तृतीयांशच देते, आणि सुरू होतानाचा जोर तर फारच कमी. रिकामी छान चालते. लाकूड दाबाखाली असताना बंद करून पुन्हा चालू करा, नुसती गुणगुणते.

आता गिअर. आठ गतींचा हिशेब असा: अदलाबदल करण्याच्या गिअरच्या दोन जोड्या, प्रत्येक जोडी उलटसुलट बसवता येते म्हणून चार प्रमाणे, आणि मोटरचे दोन वेग. चार दुणे आठ. यातला एकेक तुकडा गेला की गती निम्म्या होत जातात. झाकणाखाली बसवलेली जोडी 25 आणि 23 दातांची होती. ती उलटी केल्यावर गती 5.5 वरून 6.5 झाली. आता, हा फरक कानाला तर नाहीच, लाकडालाही फारसा कळत नाही. दुसरी जोडी, जी खरा फरक पाडते, ती डब्यात तेलकट कागदात गुंडाळून ठेवलेली. कागद सोडून दात मोजले: 40 आणि 20. बसवलेल्या जोडीची बेरीज 48, हिची 60. दोन शाफ्टमधले अंतर ठरलेले असते, त्यामुळे मॉड्यूल (दाताचे माप) सारखे असेल तर दोन्ही जोड्यांच्या दातांची बेरीज सारखीच यायला हवी. हे गिअर दुसऱ्याच कुठल्या मशीनचे, डबा भरलेला दिसावा म्हणून टाकलेले. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, ही म्हण इथे अक्षरशः लागू पडली.

एकंदरीत आठ गतींच्या उरल्या दोन, 5.5 आणि 6.5. मोल्डरला याचा फटका कसा बसतो ते बघा. दोन पात्यांचा कटर 6000 आरपीएमने फिरतो तेव्हा मिनिटाला 12000 घाव पडतात. 5.5 मीटर गतीला प्रत्येक घावाच्या वाट्याला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी लाकूड येते. पाते कापण्यापेक्षा घासते जास्त. कठीण लाकूड काळे पडते, धार लवकर जाते, आणि दोष पात्याच्या माथी मारला जातो.

रबराची लबाडी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त चालणारी. व्हिडिओत समोर दिसणारा पहिला रोलर खरोखर नवा होता, व्यास 120. उरलेल्या तिघांवर जुने, कडक झालेले रबर, ब्लेडने खाचा पुन्हा कोरून वर काळे पॉलिश. फडक्यावर थोडे थिनर घेऊन पुसले तर फडके काळे झाले आणि खाली भेगाळलेले राखाडी रबर दिसले. नख दाबले तर रुतत नव्हते. व्यास भरला 113. चारही रोलर एकाच चेनवर एकाच आरपीएमने फिरतात. म्हणजे लहान रोलर दर फेऱ्याला 22 मिलिमीटर मागे पडतो, नवा पुढे ओढतो आणि जुने तीन ब्रेक लावतात. पट्टी अडण्याचे मूळ कारण हेच होते. चारही रोलरना दोरी गुंडाळून परीघ मोजायला दोन मिनिटेही लागत नाहीत. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे चालते, वीस नाही. शिवाय रबर आणि आतला ॲल्युमिनियमचा हब यांच्यावरून सलग एक रेघ ओढा आणि दाबाखाली लाकूड चालवा. रेघ तुटली तर रबर हबवरच सरकते आहे. पॉलियुरेथेनचे टायर असतील तर बोट चिकटते का ते पाहा. जुने झालेले हे प्लास्टिक दमटपणाने चिकट होते किंवा भुगा होऊन पडते, आणि त्यावर उपाय नाही.

गिअर बॉक्सचा आवाज मात्र इथे खरेच कमी होता, आणि तोच संशयाचा भाग. रोलर हाताने मागेपुढे हलवला तर कडेला बोटाच्या पेरभर ढिलाई. आत तेलाऐवजी घट्ट ग्रीस कोंबलेले, आणि ते बोटांवर चोळले तर सोनेरी चमक. ती चमक म्हणजे झिजलेल्या ब्राँझच्या वर्म व्हीलचा (स्क्रूसारख्या गिअरने फिरणाऱ्या चाकाचा) भुगा.

रंग ताजा असेल तर स्टँडच्या ओतीव भागांकडे बघावे. आडव्या दांड्याला पकडणारा क्लॅम्पला आवळण्यासाठी जिथे मुद्दाम चीर दिलेली असते तिथे बोल्ट आवळून आवळून भेग पडते, मग ती पुट्टीने बुजवतात. त्या जागचा रंग खरवडा, रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडे पुसा, खडूची पूड चोळा. भेग असेल तर आतले रॉकेल खडूत उतरून केसासारखी काळी रेघ उमटते. या फीडरवर रेघ चार सेंटिमीटर निघाली. असा क्लॅम्प काम चालू असताना सुटला तर फीडरचे वजन फिरत्या कटरवर येते.

म्हणून घेण्याआधी विक्रेत्याकडून लेखी घ्यायच्या गोष्टी मोघम नकोत. 'चालू हालतीत' या शब्दांना काही अर्थ नाही. 'मोटर दोन वेगांची, दोन्ही वेगांना रोलरचे फेरे अमुक. गिअर चार, दात अमुक. चारही रोलरचा व्यास अमुक' असे लिहून मागा. व्हिडिओ मागायचा तर खडूची रेघ दिसणारा, पूर्ण एक मिनिटाचा, न कापलेला, आणि रोलरखाली लाकूड असलेला. लबाड माणूस इथेच फोन उचलणे बंद करतो, आणि ते बरेच. माल आल्यावर खोका उघडतानाच चित्रण करा. झाकणे उघडण्याआधी बोल्टवरच्या रंगाचे जवळून फोटो घ्या, नाहीतर 'तुम्हीच खोललं' हे पुढचे उत्तर येते.

फसगत झालीच असेल आणि पैसे परत येण्याची आशा नसेल, तर क्लॅम्प आणि तीन टायर बदलणे टळत नाही. वर्म व्हीलची ढिलाई वाढत असेल तर तेही. मोटर मात्र फेकू नका. वाइंडिंग चांगली असेल तर एका वेगाची मोटर व्हीएफडीवर (विजेचे हर्ट्झ बदलून मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्रावर) चालते. 50 हर्ट्झला 5.5 मीटर देणारा फीडर 80 हर्ट्झला 8.8 देतो, फक्त 50 च्या वर जोर कमी होत जातो. 25 च्या खाली फार वेळ ठेवू नका, कारण मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. व्हीएफडीची तार थेट मोटरला जोडा आणि फीडरवरचा जुना लो-हाय स्विच मधून पूर्ण काढून टाका. चालू असताना तो कुणी फिरवला तर व्हीएफडी जळतो.