घणसोलीचे सर्व्हरवाले: पाचपैकी अडीच

नाव लिहीत नाही, कारण माणसं वाईट नाहीयेत आणि ऐरोलीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अजून बाजूच्या गाडीत दिसतात कधीकधी. पण रिव्ह्यू द्यायचाच होता.

आमचं वागळे इस्टेटला गॅस्केटचं छोटं युनिट आहे. पार्ट्यांना ड्रॉइंग आणि ऑर्डरचं स्टेटस बघायला एक साइट आहे, त्यासाठी दोन सर्व्हर, एक लाइव्ह आणि एक टेस्टिंगचा, दोन्हीवर अपाचे, म्हणजे बघणाऱ्याला साइटची पानं पाठवणारा प्रोग्राम. हे सांभाळायला यांना वर्षाचे अडतीस हजार द्यायचो. फोन उचलतात, नीट बोलतात, आपल्याला येड्यात काढत नाहीत. याचा एक स्टार आत्ताच घ्या.

आता मूळ मुद्दा. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये अपाचेचं २.४.४९ आलं आणि यांनी लगेच टाकलं. आमच्याकडे उबुंटू २०.०४ ही ऑपरेटिंग सिस्टम होती, तिच्यासोबत येतं ते अपाचे २.४.४१, त्याला पुढचं दुखणं नव्हतंच! पण यांना सगळं लेटेस्ट लागतं, म्हणून सोर्समधून, म्हणजे मूळ कोडावरून, बिल्ड करून बसवलं.

दुखणं काय ते सांगतो, मलाही तेव्हाच कळलं. रिक्वेस्टच्या पत्त्यात दोन टिंबं आणि स्लॅश आलं की त्याचा अर्थ एक फोल्डर वर जा. असं वर वर चढत कोणी साइटच्या फोल्डरबाहेर पडू नये म्हणून सर्व्हर आधी तो पत्ता साफ करून घेतो. पण टिंब हे टक्क्याचं चिन्ह, मग दोन, मग ई असंही लिहिता येतं, आणि २.४.४९ मध्ये हा साफसफाईचा कोड बदलला होता, त्याला दुसरं टिंब असं सोंग घेऊन आलं की ओळखूच यायचं नाही. बाहेरच्या फोल्डरला कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, कुलूप नसेल तर फाइल सरळ समोरच्याच्या हातात, आणि सीजीआय, म्हणजे रिक्वेस्टवरून सर्व्हरवर प्रोग्राम चालवायची सोय, चालू असेल तर तो तुमच्या मशीनवर कमांडसुद्धा चालवणार.

४ ऑक्टोबरला यावर औषध म्हणून २.४.५० आलं, यांनी त्याच रात्री दोन्हीकडे टाकलं, व्हॉट्सॲपवर ‘डन सर’ आणि हात जोडलेले. खरंच बरं वाटलं, एक स्टार याचा.

पण ते औषध अर्धवट निघालं. तेच दोन आणि ई परत एकदा कोडात लिहून पाठवले की ५० पण फसत होतं, म्हणून ७ ऑक्टोबरला २.४.५१ काढावं लागलं. त्या दिवशी घटस्थापना, त्यात लॉकडाउननंतर देवळं त्याच दिवशी उघडलेली, सगळे दर्शनाला. यांचं तिकीट आधीच क्लोज झालेलं, मग परत कोण बघतंय.

दसऱ्याला मशीनची पूजा असते आमच्याकडे, सर्व्हरच्या कपाटालाही झेंडूचा हार घालतो. भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो आलेला, पेढा खाता खाता लॉग, म्हणजे सर्व्हरवर आलेल्या रिक्वेस्टची नोंद, उघडून बसला. लाइव्हवर त्या टक्के-टक्केवाल्या रिक्वेस्ट ढिगाने, पण प्रत्येकीपुढे ४०३, म्हणजे हाकलली. टेस्टिंगवर मात्र एका ओळीपुढे २००, म्हणजे मागितलं ते दिलं. ‘मामा, हे दिलंय रे यांनी.’ काय दिलं तर मशीनवरच्या युजरांची यादी. पासवर्ड त्यात नसतात आणि सीजीआय बंद होतं, म्हणून निभावलं. तरी पेढा घशात अडकलाच.

दोन मशीनमध्ये फरक एका ओळीचा. यांच्या आधी कळव्याचा एक पोरगा काम बघायचा, त्याने कॉन्फिगमध्ये ‘रिक्वायर ऑल डिनाइड’, म्हणजे सगळ्यांना मनाई, ही ओळ ठेवून वर कमेंट टाकलेली, ‘हात लावू नका’. लाइव्हवर ती तशीच होती. टेस्टिंगवर ड्रॉइंगचं फोल्डर उघडत नव्हतं म्हणून यांनी डिनाइडचं ग्रँटेड, म्हणजे मनाईची मुभा, केलं, सगळ्या मशीनसाठी! त्या एका फोल्डरपुरतं करता आलं असतं की. आणि कमेंटही उडवली.

फोन केला तर म्हणे, ‘सर तो टेस्टिंगचाच आहे ना, त्यात काय आहे?’ अरे बाबा, त्याच्यावरून लाइव्हला लॉगिन होतं, आणि ते तूच सेट करून दिलंयस. मग दोन मिनिटं शांत.

रविवारी मात्र स्वतः मालक आले, टेस्टिंगचं मशीन पूर्ण पुसून नव्याने लावलं, दोन्हीकडे २.४.५१ टाकलं, लाइव्हचे पासवर्ड आणि कीज बदलल्या, डिनाइडची ओळ परत लिहिली आणि मला दाखवली. चार तास, दोन चहा. अर्धा स्टार त्या रविवारचा.

उरलेले अडीच का कापले विचाराल, तर महिनाअखेरीला बिल आलं, अडीच हजार, वेगळ्या व्हिजिटचे. समोर लिहिलेलं, ‘सिक्युरिटी वाढवून दिली’.