ऑरलँडोची सहल, मिल्टन वादळ आणि वादळाआड लपलेली चोरी

फ्लोरिडात १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात धोक्याचा. पण याच दिवसांत ऑरलँडोची हॉटेलं स्वस्त होतात आणि गर्दीही त्यातल्या त्यात कमी असते. आमच्यासारखे अनेक जण देशातून आलेल्या आईवडिलांना थंडी सुरू व्हायच्या आत डिस्ने दाखवून आणायचं ठरवतात, तेही याच दिवसांत. फसवणाऱ्यालाही हेच दिवस सोयीचे असतात, आणि का ते सांगण्यासाठी मी हे लिहितेय. आमचे पैसे वादळामुळे बुडाले असंच आम्हाला भासवण्यात आलं. खरं म्हणजे वादळाला नाव मिळायच्या कितीतरी आधी ते चोरीला गेले होते.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. २०२४ च्या ऑक्टोबरात माझे आईबाबा सांगलीहून आमच्याकडे आले होते. त्या वर्षी दसरा १२ ऑक्टोबरला, शनिवारी होता आणि सोमवारी १४ तारखेला कोलंबस डेची सुट्टी. आमच्या भागातल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पत्रक फिरत होतं: 'दसरा स्पेशल ऑरलँडो'. ऑरलँडोच्या शेजारच्या किसिमीजवळ स्विमिंग पूल असलेलं चार बेडरूमचं घर, डिस्नेची चार दिवसांची तिकिटं, घरपोच मराठी जेवणाचे डबे, आणि खाली ठळक अक्षरांत 'हरिकेन गॅरंटी: वादळ आलं तर शंभर टक्के पैसे परत'. पत्रकावर फ्लोरिडाच्या 'सेलर ऑफ ट्रॅव्हल'चा, म्हणजे तिथे सहली विकणाऱ्यांना करावी लागते त्या नोंदणीचा, क्रमांकही होता.

फोन केला तर समोरचा माणूस अस्खलित मराठी बोलला. 'ताई, आईबाबांना चालायला त्रास होत असेल तर व्हीलचेअरची सोय करू का? त्यांना कांदालसूण चालतं ना?' पहिल्या पाच मिनिटांतच त्याने हे विचारलं. असं विचारणाऱ्या माणसावर विश्वास बसतो, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पैशांचा विषय तो शेवटी काढायचा. कार्डाने भरले तर तीन टक्के जास्त पडतील, 'आपल्यातल्या आपल्यात' झेलने (बँक खात्यातून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायची सेवा) पाठवा, म्हणजे ती रक्कम मुलांच्या खाऊला होईल, असं म्हणाला. शिवाय माणशी वेगळी रक्कम घेतली, 'स्टॉर्म प्रोटेक्शन' या नावाखाली. त्याची पीडीएफ आली. तिच्यावर डिस्नेच्या वादळविषयक धोरणातला एक उतारा जसाच्या तसा छापलेला होता, त्यामुळे ती अस्सल वाटायची.

हा उतारा नीट समजून घ्या, कारण अशा ठकांचं सगळं काम त्याच्यावर चालतं. डिस्नेचं धोरण खरं आहे आणि चांगलं आहे. नॅशनल हरिकेन सेंटरने ऑरलँडो भागासाठी, किंवा तुम्ही राहता त्या भागासाठी, तुमच्या पोहोचण्याच्या तारखेआधी सात दिवसांच्या आत हरिकेन वॉर्निंग दिली, तर डिस्नेकडे केलेलं हॉटेलचं किंवा पॅकेजचं बुकिंग डिस्नेच्या दंडाशिवाय रद्द करता येतं किंवा पुढे ढकलता येतं. पण हे आहे डिस्नेकडे नोंदलेल्या बुकिंगपुरतं. किसिमीतल्या कुणाच्या खासगी घराला ते लागू होत नाही, आणि तिऱ्हाईताने विकलेल्या तिकिटालाही नाही. त्या पीडीएफमध्ये नियम खरा होता, फक्त आमच्या बुकिंगशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

५ ऑक्टोबरला, शनिवारी, मेक्सिकोच्या आखातातल्या वादळाला मिल्टन हे नाव मिळालं. रविवारी त्या पॅकेजवाल्या माणसाचा फोन आला. 'ताई, काळजी करू नका, पण वादळ मोठं होणार असं दिसतंय. तुमचं कव्हर बेसिक आहे. आज रात्रीपर्यंत वरचं कव्हर घेतलंत तर विमानाचेही पैसे मिळतील. उद्या बंद होईल.' घरात आईबाबांची बॅग भरून तयार, टीव्हीवर वादळाचा नकाशा, आणि हा माणूस इतक्या आपुलकीने सांगतोय. आम्ही तेही पाठवले.

प्रवास विम्याचा एक साधा नियम आहे: वादळाला नाव मिळालं की ते 'माहीत असलेलं संकट' ठरतं आणि त्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत त्या वादळामुळे झालेलं नुकसान धरलं जात नाही. कुठलीच विमा कंपनी ६ ऑक्टोबरला मिल्टनचं संरक्षण विकत नव्हती. म्हणजे त्या रविवारी जो कुणी ते विकत होता, तो लबाडी करत होता, एवढं या एका गोष्टीवरून सिद्ध होतं. आमच्या ओळखीतल्या निदान आणखी दोन कुटुंबांनी त्याच दिवशी हेच वरचं कव्हर घेतलं होतं, हे पुढे कळलं.

सोमवारी, ७ तारखेला, मिल्टन पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचं झालं. वाऱ्याचा वेग ताशी १८० मैलांपर्यंत गेला. आमचं विमान बुधवारचं होतं, ते रद्द झालं आणि त्याचे पैसे विमान कंपनीने काही दिवसांत थेट कार्डावर परत केले, एक फोनही करावा लागला नाही. ९ तारखेला सकाळी ऑरलँडोचा विमानतळ बंद झाला, दुपारी डिस्नेची चारही पार्क बंद झाली, रात्री फ्लोरिडाच्या 'सिएस्टा की' या बेटाजवळ वादळ तिसऱ्या श्रेणीत किनाऱ्याला धडकलं. १० तारखेला पार्क बंद राहिली आणि ११ ला पुन्हा उघडली.

या सगळ्या दिवसांत तो पॅकेजवाला गायब झाला नाही. पळून गेला असता तर लोकांनी लगेच आरडाओरडा केला असता. तो रोज मेसेज करत होता. वीज गेलीय, ऑफिसात पाणी शिरलंय, घराच्या मालकाचा फोन लागत नाही, विमा कंपनीकडे हजारो क्लेम अडकलेत. टीव्हीवर फ्लोरिडाची दृश्यं पाहिल्यावर त्याच्याकडे पैसे मागायचीही लाज वाटावी, अशी त्याची भाषा. बाबा तर म्हणाले, 'अगं, त्या माणसाचं घर वाहून गेलं असेल, आपण काय पैशांचं घेऊन बसलोय.' माझ्या बाबांच्या या चांगुलपणाचा त्याने वापर केला, याची चीड मला पैशांपेक्षा जास्त आहे.

उलगडा झाला तो नवऱ्याने घराचे फोटो गूगलवर टाकून ते आणखी कुठे आहेत हे शोधलं तेव्हा. तेच फोटो किसिमीजवळच्याच डेव्हनपोर्ट गावातल्या एका घराच्या जाहिरातीत होते. तिथल्या मॅनेजर बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, घराला काही झालेलं नाही, वीजही आहे, आणि तुम्ही सांगताय त्या तारखांना हे घर दुसऱ्याच कुटुंबाच्या नावावर जूनपासून बुक होतं. त्या कुटुंबाला वादळामुळे यायचं नव्हतं, त्यांचे पैसे आम्ही परतही केले, असंही त्या म्हणाल्या. आमच्या माणसाचं नावही त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पत्रकावरचा नोंदणी क्रमांक फ्लोरिडाच्या कृषी व ग्राहक सेवा विभागाच्या संकेतस्थळावर टाकला, तर तो निघाला दुसऱ्याच कंपनीचा. प्रवासाचा धंदा आणि कृषी विभाग ही जोडी विचित्र वाटते, पण त्या राज्यात ही नोंदणी खरोखर त्याच विभागाकडे होते, आणि क्रमांक कुणालाही तपासता येतो.

वादळ आलं नसतं तर काय झालं असतं, हेही आम्हाला समजलं. त्याच माणसाकडून उन्हाळ्यात गेलेल्या एका कुटुंबाला विमानतळावर उतरल्यावर 'घराचं एसी बिघडलंय' म्हणून हायवे १९२ वरच्या एका साध्या मोटेलमध्ये पाठवलं होतं. त्यांची डिस्नेची तिकिटं आधी कुणीतरी वापरलेली, उरलेल्या दिवसांची होती. डिस्नेच्या फाटकावर तीन वर्षांच्या आणि त्यावरच्या पाहुण्यांचं बोट सहसा स्कॅन होतं आणि तिकीट त्या माणसाला जोडलं जातं. दुसऱ्याचं उरलेलं तिकीट चालत नाही. अनेक दिवसांच्या तिकिटाचे उरलेले दिवस विकणं हा फ्लोरिडाच्या कायद्याने गुन्हाही आहे. ते लोक मुलांना घेऊन फाटकावरून परत फिरले आणि पूर्ण दराने नवी तिकिटं घेतली. ग्रुपवर त्यांनी काही लिहिलं नव्हतं, कारण मुलांसमोर झालेला तो प्रसंग त्यांना पुन्हा आठवायचाही नव्हता.

बँकेने झेलचे पैसे परत मिळवून द्यायला नकार दिला. खात्यातून कुणी चोरून काढले असते तर संरक्षण होतं, पण पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, असं उत्तर मिळालं. क्रेडिट कार्डाने भरले असते तर माल किंवा सेवा मिळाली नाही म्हणून वाद घालता आला असता. कायद्यात त्यासाठी स्टेटमेंट पाठवल्यापासून साठ दिवसांची मुदत आहे. तीन टक्के वाचवायचं जे आमिष असतं, ते तुमच्याकडून हा हक्क काढून घेण्यासाठीच असतं.

त्यानंतर एक फोन आला, आणि या भागाबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. 'आम्ही फेडरल खात्यातून बोलतोय, तुमचे ऑरलँडोचे पैसे सापडलेत, सोडवण्यासाठी प्रोसेसिंग फी भरा.' त्याला आमची रक्कम डॉलरपर्यंत अचूक ठाऊक होती. बँक सोडली तर ही माहिती फक्त त्या पहिल्या माणसाकडे आणि आमच्याकडे होती. एकदा फसलेल्यांची यादी अशी पुढे जाते. ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारं फेडरल ट्रेड कमिशन हे सरकारी खातं पैसे परत मिळवून देण्यासाठी कधीही पैसे मागत नाही. आम्ही फोन ठेवला.

हंगामात ऑरलँडोला जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. ते शहर किनाऱ्यापासून आत आहे, तिथे पोहोचेपर्यंत वादळाचा जोर बहुतेक वेळा कमी होतो, आणि पार्क सलग एकदोन दिवसांपेक्षा जास्त बंद राहणं विरळा. २०२२ च्या इयान वादळातही डिस्ने २८ आणि २९ सप्टेंबरलाच बंद होतं. पण कुणी तिकिटं देत असेल तर पैसे देण्याआधी क्रमांक मागा आणि डिस्नेच्या ॲपमध्ये आपल्या खात्याला जोडून पाहा. आधीच दुसऱ्याच्या खात्याला जोडलेलं असेल तर ते सहसा जोडलं जाणार नाही. खासगी घर असेल तर फ्लोरिडाच्या व्यवसाय नियमन खात्याचा परवाना क्रमांक विचारा, आणि त्या घराच्या मॅनेजरशी तुम्ही स्वतः बोला. विमा घ्यायचा तर सहलीचे पहिले पैसे भरल्या भरल्या घ्या, ज्यावर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक आहे असाच, आणि तो क्रमांक कंपनीला फोन करून पडताळा. कुठल्याही कारणाने रद्द करता येणारी पॉलिसी हवी असेल तर ती साधारण त्यानंतरच्या पहिल्या दोनतीन आठवड्यांतच मिळते आणि तीही पूर्ण रक्कम देत नाही. 'शंभर टक्के' असं जिथे लिहिलंय तिथे थांबा.

आम्ही पोलिसांत, फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या केंद्राकडे तक्रार दिली. मेसेज, पत्रक, पीडीएफ आणि झेलच्या पावत्या जोडल्या. तक्रार घेणाऱ्या अधिकारी बाईंनी सांगितलं की एकाच फोन नंबरवर अनेक तक्रारी जुळल्या तर तपास पुढे सरकतो. म्हणून ज्यांनी २०२४ च्या ऑक्टोबरात 'दसरा स्पेशल' किंवा तशाच पॅकेजसाठी पैसे पाठवले आणि मिल्टनमुळे गेले असं समजून सोडून दिले, त्यांनी जुने मेसेज पुसू नका. त्या घराचे फोटो गूगलवर टाकून शोधून पाहा, मॅनेजरला एक फोन लावा. घर तुमच्या नावावर कधी बुकच नव्हतं असं निघालं, तर रक्कम लहान असली तरी तक्रार नोंदवा.