लिबरऑफिसमधील मराठी शुद्धलेखन तपासणी: कोठे विसंबावे, कोठे नाही

संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांसाठी लिबरऑफिस रायटर हे लेखनाचे सॉफ्टवेअर आणि त्याला जोडता येणारा मराठी शब्दकोश ही विनामूल्य जोडी मला उपयुक्त वाटते. मात्र ‘ऑप्शन्स’मध्ये देवनागरी मजकुराची भाषा मराठी अशी आधी निवडावी लागते. तेथे हिंदी राहिली आणि हिंदीचा कोश बसवलेला असला, तर ‘आणि’, ‘म्हणून’ हे शब्दही अनोळखी ठरून पान लाल नागमोडी रेषांनी भरते. युनिकोड ही अक्षरांची सामायिक संकेतपद्धती रुळण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर तर रूपांतर केल्याशिवाय तपासताच येत नाही.

मराठी लिहिताना खरी अडचण होते ती ऱ्हस्व-दीर्घाची. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम, १९७२ साली त्यांत पडलेली भर आणि त्यांचे अपवाद लिहिण्याच्या भरात कोणाच्या लक्षात राहतात? ‘दूध’ लिहिणारा हात सहजच ‘दूधात’ लिहितो, पण सामान्यरूपात तो उकार ऱ्हस्व होऊन ‘दुधात’ होतो, आणि ‘गीत’ हा शब्द तत्सम असल्यामुळे ‘गीतात’ मात्र दीर्घच राहतो. अशा ठिकाणी ती लाल रेषा लिहिणाऱ्याला थांबवते, आणि या साधनाचे मोल मुख्यतः तेवढ्यातच आहे.

त्यामागे ‘हन्स्पेल’ हे तंत्र आहे. ते मुळात हंगेरियन भाषेसाठी घडले. एका धारिकेत (फाइलमध्ये) मूळ शब्द आणि दुसरीत प्रत्ययांचे नियम, अशी त्याची मांडणी असते. प्रत्ययांचे दोन थर उलगडण्याची सोय त्यात आहे, परंतु ‘घरासमोरच्यांनीसुद्धा’ यासारख्या शब्दात शब्दयोगी अव्यय, विभक्ती आणि पुन्हा अव्यय अशी रांगच लागते. त्यामुळे लांब शब्दाखाली रेषा दिसली म्हणून तो चुकलाच असे धरू नये. नवख्या लेखकाने असे अचूक शब्द घाबरून बदलणे हा मला या साधनाचा सर्वांत मोठा धोका वाटतो.

याच्या उलट, कोशात असलेला पण त्या जागी चुकीचा शब्द त्याला दिसत नाही. ‘शिक्षक दीन’ असे लिहिले तरी तपासनीस गप्पच राहतो, कारण ‘दीन’ हाही शुद्ध शब्द आहे (आणि काही शाळांत तो अर्थानेही चुकीचा नसावा).

आपोआप दुरुस्तीच्या यादीत स्वतःच्या जोड्या घालता येतात. ‘आणी’चे ‘आणि’, ‘परंतू’चे ‘परंतु’ अशा निर्विवाद जोड्या जरूर घालाव्यात. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांसारख्या, दोन्ही रूपे शुद्ध असलेल्या जोड्या अजिबात घालू नयेत. ‘शब्दकोशात जोडा’ या सोयीबाबतही सावध असावे, कारण घाईत जोडलेला अशुद्ध शब्द वैयक्तिक कोशातून काढून टाकेपर्यंत पुढच्या प्रत्येक लेखात शुद्ध म्हणूनच खपतो.