कब कॅडेट १२२: चौदा महिने खोलून जोडला, आठ महिने चालवला

माझ्या या जुन्या गार्डन ट्रॅक्टरबद्दल लिहायला मी मुद्दाम थांबलो होतो. नुकताच रंग दिलेल्या जुन्या गाडीबद्दल सगळेच छान बोलतात, खरी गाडी कळते ती घाम गाळायला लागल्यावर. मी तासांचा मीटर वेगळा बसवून घेतला होता, तो आज ८७ दाखवतोय. गवत कापणं, ट्रॉलीत माती-खत ओढणं, वाफ्यांसाठी जमीन नांगरणं, सगळं करून झालंय, आता सांगण्यासारखं काहीतरी आहे.

आधी एक गोष्ट, कारण बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो, हे गवत कापायचंच मशीन ना? गार्डन ट्रॅक्टर म्हणजे नुसतं बसून गवत कापायचं मशीन नाही. ते पातळ पत्र्याचं असतं आणि नांगर जोडला की त्याचा मागचा गिअरबॉक्सच जातो. जुन्या गार्डन ट्रॅक्टरला जाड चॅसी, बिडाचा गिअरबॉक्स आणि मागे अवजार जोडायची सोय असते. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ मध्ये पहिला कब कॅडेट आणला, जॉन डिअरचा ११० आला १९६३ मध्ये, व्हील हॉर्स तर त्याच्याही आधीपासून होतेच. माझा १२२ हा १९६५ ते ६७ या काळातला, पिवळा-पांढरा, कोहलरचं १२ हॉर्सपॉवरचं के-३०१ इंजिन, एकच सिलेंडर, ४७६ सीसी. मी कब कॅडेटच शोधत होतो कारण यात इंजिनपासून गिअरबॉक्सपर्यंत पट्टा नाही, सरळ शाफ्ट जातो आणि मधे कोरडी क्लच प्लेट. ओल्या गवतात, चढावर, पट्टा घसरतोय का हा विचारच करायचा नाही.

खरेदीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. पहिला जो ट्रॅक्टर बघायला गेलो तो एका चावीत सुरू झाला, आवाज गोड, रंग चकाचक. पण मी बॉनेटवर हात ठेवला तर इंजिन आधीच गरम. म्हणजे मी यायच्या आधी चालवून ठेवलेलं. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर किती सोडतं हेच तर बघायचं असतं, तेच लपवलेलं. मी परत आलो. दुसरा ट्रॅक्टर बंद पडलेला होता, आणि ज्या काकांकडून घेतला ते सरळ म्हणाले, "बाळा, सहा वर्षं हललेला नाही, मी काही बोलत नाही, तूच सगळं उघडून बघ." तोच घेतला. बंद गाडी घेताना मनात धरून चालायचं की इंजिनाचं पूर्ण काम करावं लागणार, मग नंतर वाईट वाटत नाही.

बघताना मी हे तपासलं: पुढचं चाक धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवलं, स्टेअरिंग किती रिकामं फिरतं ते बघितलं, पुढचा अ‍ॅक्सल ज्या पिनेवर झुलतो तिथे पहार घालून उचकून बघितलं. गिअरबॉक्सचा प्लग थोडा सैल करून तेल बघितलं, तर दुधासारखं पांढरट, म्हणजे पाणी गेलेलं. हे घाबरण्यासारखं नाही, बिडाच्या गिअरबॉक्सला सहसा काही झालेलं नसतं, तेल काढून, धुवून, नवं हाय-ट्रान (या गिअरबॉक्सचं तेल) भरलं की चालतं. माझंही तसंच झालं. पण इंजिनवरची पाटी वाचायला मी विसरलो, आणि ती वाचायलाच पाहिजे. घरी आणल्यावर स्पेक नंबर बघितला तर कळलं की इंजिन के-३०१च आहे पण मूळचं नाही, नंतरच्या काळातलं कोणीतरी बसवलेलं.

याचं महत्त्व काय ते सांगतो. कोहलरच्या नंतरच्या बऱ्याच के-सिरीज (के-३०१ ज्यातलं आहे ती मालिका) इंजिनांमध्ये क्रँककेसच्या आत दोन बॅलन्स गिअर असतात, थरथर कमी करायला. ते छोट्या शाफ्टवर सुईच्या बेरिंगवर फिरतात. बेरिंग झिजलं की गिअर डगमगतो, तुटतो, आणि तुटलेला तुकडा कनेक्टिंग रॉडच्या वाटेत आला की ब्लॉकलाच भोक पडतं. बिडाचा चांगला ब्लॉक एका क्षणात भंगार. माझ्या इंजिनात एका गिअरला हाताने हलवल्यावर जाणवेल इतका खेळ होता. मी दोन्ही काढून टाकले. इंजिन त्यांच्याशिवाय नीट चालतं, मंद गतीला थरथर थोडी वाढते एवढंच, आणि या मॉडेलमध्ये इंजिन चॅसीला सरळ बोल्टने आवळलेलं असल्यामुळे ती सीटपर्यंत येते. मला तासाभराने हाताला मुंग्या येतात, पण ब्लॉक शाबूत राहिला याचं समाधान त्याहून मोठं आहे. कोणी के-सिरीज उघडत असेल तर हात जोडून सांगतो, हे गिअर बघितल्याशिवाय क्रँककेस बंद करू नका.

बाकी इंजिनाचं काम वर्कशॉपमध्ये. बोअर झिजला होता म्हणून बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा, क्रँकचा जर्नल (रॉड ज्यावर फिरतो तो भाग) ०.०१० इंच ग्राइंड करून त्या मापाचा रॉड. या इंजिनात रॉड अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि तो थेट क्रँकवर चालतो, मध्ये वेगळी बेरिंग शेल नाही. आणि ऑइल पंपही नाही, रॉडच्या खालचं पातं तेलात बुडतं आणि तेल उडवतं, त्या उडण्यावरच सगळं इंजिन जगतं. म्हणून तेल पातळीच्या खाली गेलं की पहिला बळी रॉडचा. मी दर वेळी, अगदी दहा मिनिटांच्या कामालाही, आधी तेलाची काडी काढून बघतो.

वाल्व्ह मी स्वतः घासले, टॅपेटचं (वाल्व्ह ढकलणाऱ्या भागाचं) अंतर थंड असताना इनटेकला ०.००८ ते ०.०१० इंच आणि एक्झॉस्टला ०.०१७ ते ०.०२० इंच ठेवलं. टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते, बसवायला मजा आली. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी सर्किट तोडणारे संपर्क, ब्लॉकच्या बाहेरच्या बाजूला असतात, कॅमवरून येणारी एक बारीक काडी त्यांना ढकलते, अंतर ०.०२० इंच म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. पण नुसत्या फिलर गेजवर थांबू नका, फ्लायव्हीलवर एस अशी खूण असते, ती खिडकीत दिसायला लागली की पॉइंट नेमके त्याच क्षणी उघडायला हवेत. मल्टिमीटर लावून हळूहळू फ्लायव्हील फिरवायचं आणि सर्किट तुटतं तिथे थांबायचं. हे केल्यावर चालू व्हायची तक्रारच राहिली नाही.

वर्कशॉपला नेण्याआधी, इंजिनवरचं पत्र्याचं कव्हर काढलं तेव्हा सिलेंडरच्या पाकळ्यांमध्ये उंदराचं अख्खं घरटं निघालं. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. हे इंजिन हवेने थंड होतं, त्या पाकळ्या बुजल्या तर ते आतल्या आत भाजतं, म्हणून घेतल्यावर सुरू करण्याच्या आधी कव्हर काढाच.

गंज काढायला मी धुण्याचा सोडा, पाणी आणि बॅटरी चार्जर वापरला. पाण्यात सोडा, चार्जरची मायनस वायर आपल्या पार्टला, प्लस एका भंगार लोखंडाच्या पट्टीला, आणि रात्रभर ठेवायचं. पट्टी स्टेनलेसची अजिबात नको, त्याने पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं, आणि हे सगळं उघड्यावर करायचं कारण हायड्रोजन निघतो. जुना रंग घासताना पण पाणी मारून, मास्क लावून, कारण त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं. तीच काळजी क्लचच्या जुन्या लायनिंगला, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, हवेच्या प्रेशरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आता आठ महिन्यांत काय टिकलं आणि काय नाही.

इंजिन टिकलं. धूर नाही, पहिल्या काही तासांनी तेल बदललं त्यात थोडी चमक होती, नंतर स्वच्छ. क्लचमध्ये मी प्लेट, रिलीज बेरिंग आणि शाफ्टच्या कपलिंगच्या पिना नव्या टाकल्या होत्या, एका कपलिंगचं भोक अंडाकृती झालं होतं म्हणून कपलिंगही बदललं, आणि तिथून आजपर्यंत खटका आलेला नाही. गिअर टाकताना सुरुवातीला मी घाई करायचो, आता क्लच दाबून एक श्वास थांबतो मग टाकतो, दात वाजत नाहीत.

त्रास दिला तो रंगाने, म्हणजे माझ्याच हौसेने. चॅसीला मी सगळीकडे जाड, सुंदर पिवळा रंग मारला, अर्थिंगच्या जागीसुद्धा. तिसऱ्या आठवड्यापासून स्टार्टर ओढून ओढून फिरायला लागला, बॅटरी चार्ज होईना. या गाडीत स्टार्टर आणि जनरेटर एकच यंत्र असतं, पट्ट्यावर चालतं, आधी इंजिन फिरवतं मग तेच चार्जिंग करतं. मी रेग्युलेटर बदलला, ब्रश बदलले, पट्टा ताणला, काही फरक नाही. शेवटी बॅटरीच्या मायनसची जागा, रेग्युलेटरच्या पायाखाली आणि स्टार्टर-जनरेटरच्या ब्रॅकेटखाली रंग खरवडून लोखंड उघडं केलं आणि पाच मिनिटांत सगळं ठीक. आणि हो, जनरेटर किंवा रेग्युलेटर काढून परत लावला की पोलराइझ करावं लागतं, म्हणजे रेग्युलेटरवर बॅटरी आणि जनरेटरच्या टर्मिनलला क्षणभर वायर टेकवायची, एक ठिणगी, बास.

दुसरा त्रास टाकीचा. टाकी मी साखळी आणि सायट्रिक अ‍ॅसिडने धुतली, बघायला चकचकीत, पण नीट सुकवायच्या आधीच पेट्रोल भरलं. आतून परत गंज आला आणि बारीक पूड कार्बोरेटरमध्ये. नांगरणीच्या मधे दोनदा गाडी गुदमरून बंद. फिल्टर लावला, टाकी परत धुतली, लगेच कोरड्या हवेने सुकवली, तेव्हा थांबलं. आता काम संपलं की पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरचा बाऊल रिकामा होईपर्यंत चालवतो, इथेनॉलवालं पेट्रोल महिनाभर कार्बोरेटरमध्ये बसलं की चिकट थर धरतं.

आणि तिसरा, पुढच्या अ‍ॅक्सलची मधली पिन. घेताना मला तिथे थोडा खेळ दिसला होता, स्टेअरिंग बॉक्स अ‍ॅडजस्ट केला की पुरेल असं मी मानलं. नाही पुरलं. चौथ्या महिन्यात सरळ रेषेत गवत कापताना गाडी सारखी डावी-उजवी करायला लागली, खांदे भरून यायचे. लेथवाल्याकडून नवी पिन आणि बुश करून घेतला, अ‍ॅक्सलमधलं भोक मोठं करून, आणि तेव्हापासून चालवताना एका हाताने निवांत धरता येतं. हे काम चॅसी उघडी असताना अर्ध्या दिवसाचं होतं, सगळं जोडल्यावर तीन दिवस गेले.

चालवायला कशी आहे? हळू आहे. तीन पुढचे गिअर, एक मागचा, आणि गती गिअरनेच ठरते, थ्रॉटल जवळजवळ पूर्णच ठेवायचा असतो, ३६०० आरपीएमला गव्हर्नर (इंजिनाची गती राखणारी यंत्रणा) थांबवतो. थ्रॉटल कमी ठेवून इंजिन वाचतं हा गैरसमज आहे, पंख्याची हवा कमी होते आणि उलट ते तापतं. वळताना जागा लागते. पण नांगर जमिनीत घातला की आवाज थोडा खाली उतरतो, गव्हर्नर उघडतो, आणि गाडी तशीच पुढे जात राहते, मागची चाकं न घसरता. चाकांच्या आत वजनं बसवली आहेत, ती नसती तर हे झालं नसतं. तो आवाज ऐकायला मी कधी कधी एक तास जास्त काढतो.

सुरक्षेचं मात्र त्या काळच्या गाडीवर सोडू नका. सीटवरून उतरलं तरी इंजिन आणि पाती चालूच राहतात. मी सीटखाली स्विच बसवला, उठलं की इग्निशन कॉइलचा करंट तुटतो. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला गाडी खूप आवडते, पण ती फक्त बंद गाडीवर बसते आणि काडीने तेल बघायचं काम तिचं आहे, ते ती माझ्यापेक्षा काटेकोर करते.

सध्या पुढच्या पीटीओ (इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या) क्लचचं बटण झिजत आलंय, ते मागवलंय. ते आलं की कापणीच्या डेकच्या तिन्ही स्पिंडलची (पाती ज्यांवर फिरतात त्या दांड्यांची) बेरिंग पण त्याच वेळी उघडणार आहे, या वेळी आधी.